काजळी पांढरी झाली तो उन्हाळा

तुमच्या लग्नात तुम्ही ज्या घोडीवर बसला होतात, ती त्या दिवशी पाणी कुठे प्यायली, हे तुम्हाला सांगता येईल? फेट्याचा रंग सांगाल. बँडवाल्यांनी कोणतं गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं, कोणता मित्र नाचता नाचता गटारात पडला, तेही सांगाल. घोडी फोटोत असेलच, पण खालच्या अर्ध्यात, बहुतेक वेळा मानेपाशी कापलेली. राग येऊ देऊ नका. की येऊ द्या. मी टोचायलाच विचारते आहे.

लग्नसराई पुन्हा आली आहे. परवा भर दुपारी सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला थांबले होते. ऊन असं, की स्कूटरच्या आरशावर बोट टेकवेना. शेजारी एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात आखूड दोरानं बांधलेली एक घोडी. तिच्या कपाळावर जरीचा पट्टा, गळ्यात प्लास्टिकची फुलं, आणि टेम्पो हलला की चारही पायांनी तोल सावरायची तिची ती धडपड. पलीकडच्या मोटारसायकलवरचा बाप मागं बसलेल्या मुलीला म्हणाला, "बघ गं, कसली पांढरीशिप्पट हाय!" मुलीनं हात हलवला. सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले तरी मला गाडी पुढं काढणं सुचेना.

पांढरीशिप्पट. माणसं हा शब्द कौतुकानं म्हणतात. मला मात्र एका उन्हाळ्यात कळलं, की घोडीच्या बाबतीत पांढरा हा नुसता रंग राहत नाही. ती पांढरी झाली की तिला मागणी येते.

काजळी जन्मली तेव्हा तव्याच्या बुडासारखी काळी होती, म्हणून तिचं नाव काजळी. ते बिरूमामानं ठेवलं. बिरूमामा माझ्या आईचा भाऊ. आईचं माहेर मेंढरांचं. घर सांगोल्याच्या बाजूला, पण घरात माणसं पावसाळ्यापुरतीच. बाकी वर्ष मेंढरांच्या मागं चालणं, आज या रानात, उद्या त्या रानात. मेंढरं पुढं, कुत्री बाजूला, आणि मधे घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड. पाल, भांडी, पिठाचं पोतं, कोंबड्यांची पाटी, आणि सगळ्यांच्या वर चादरीत बांधलेलं तान्हं पोर. माझी दोन्ही मामेभावंडं काजळीच्या पाठीवरच झोपायला शिकली. हळूहळू तिचा काळेपणा राखेसारखा झाला. "ही सब्जा हाय," मामा सांगायचा, "ह्या जातीच्या रंगाला वय चढलं की पांढरं होत जातंय. माणसाच्या डोक्यावानी."

ओझ्याच्या घोडीला एक शिस्त असते. काजळीला ती कुणी मारून लावली नव्हती, चालता चालता लागली होती. पाठीवरचं ओझं एका बाजूला कलंडलं की ती जागच्या जागी थांबायची. "मागनं लांडगा लागला तरी हलायची न्हाय," मामा म्हणायचा. "नीट बांधा, मग चालती. वर पोरगं हाय की, तिला कळतंय." हे सांगताना मामा दर वेळी हसायचा आणि दर वेळी तिच्या मानेवर थाप मारायचा.

माझं बालपण मात्र ओझ्यावर गेलं नाही, कागदावर गेलं. बाबा एका छोट्या छापखान्यात कामाला. गिरण्यांच्या काळापासून या शहरात जेवढी पत्रकं निघाली, त्यातली निम्मी बाबांच्या हाताखालून गेली असतील. विडी वळणाऱ्या बायांची, यंत्रमागवाल्यांची, आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या गल्ल्यांची. चुकलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. माझ्या वहीला शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. आणि ती पत्रकं लिहायचे सुधाकरकाका. बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र, जाड काचांचा चष्मा, बोलताना दोन बोटांनी हवेत स्वल्पविराम द्यायची सवय. मला लिहायला त्यांनी शिकवलं. "पत्रकात एक ओळ खोटी निघाली," ते म्हणायचे, "की वाचणारा बाकीच्या ओळी तुझ्या तोंडावर फेकतो. त्यामुळे जे पाळता येणार नाही ते छापायचं नाही." मी हे वाक्य वर्गात भाषणात वापरलं होतं. बक्षीसही मिळालं होतं.

मोर्चे कमी झाले, तेव्हा काकांनी तुळजापूर रस्त्याला शहर संपतं तिथं जागा घेतली आणि पाळीव जनावरांचं वसतिगृह काढलं. आम्ही हसलो. पण शहर तोवर बदललं होतं. अपार्टमेंटं उठली होती, आणि प्रत्येक मजल्यावर एक कुत्रं भुंकत होतं. मे महिन्यात माणसं गावाला निघाली की प्रश्न पडायचा, याला कुठं ठेवायचं? ते काकांकडे यायचे. कुत्र्यांच्या अंघोळी, नखं, गोचिड्या काढणं, केस कापणं. मांजरांसाठी वेगळी खोली. आणि मागच्या मोकळ्या जागेत तीन-चार घोडे, सकाळी मुलांना घोडेस्वारी शिकवायला. मी कॉलेजातून सुटले की तिथं जायचे. ओल्या केसांचा आणि कडुनिंबाच्या साबणाचा तो वास अजून नाकात आहे. साखरपेठेतली एक पद्मशाली आजी तिच्या पामेरियनला सोडून जाताना तेलुगूत त्याची अशी समजूत घालायची, की आम्ही सगळे काम थांबवून ऐकायचो. शब्द एक कळायचा नाही, डोळे मात्र भरून यायचे. काका म्हणायचे, "बघ, ही माणसं आपल्याला त्यांचं घर देऊन जातात."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा?

मामाचे गुडघे गेले त्या वर्षी त्यानं चालणं सोडलं. मेंढरं धाकट्या भावाकडं दिली आणि तो सोलापुरात एका अपार्टमेंटवर राखणदार झाला. हातात काठी होतीच, फक्त मेंढरांच्या जागी गाड्या आल्या. धाकट्याकडं तेव्हा त्याची स्वतःची घोडी होती, म्हातारी पण चालती. काजळी मामाजवळ राहिली. ओझ्याची घोडी विकायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. जिच्या पाठीवर पोरं वाढली तिला बाजारात उभी करायची म्हणजे आईला उभं करणं. पण राखणदाराच्या खोलीत घोडी बांधणार कुठं? तेव्हा काका आपण होऊन म्हणाले, "माझ्याकडे आणा. सकाळी मुलांना घेऊन दोन फेऱ्या मारील, तिचा चारा तीच कमावील. जनावराला रिकामं ठेवणंही बरं नाही."

मामानं एकच अट घातली. "वरातीला न्हाय द्यायची."

"का हो?" काकांनी मुद्दाम विचारलं, मला ऐकवायला.

"नाचवायचं शिकवायचं म्हंजी तिला भ्यायला शिकवायचं," मामा म्हणाला. "ती भेत न्हाय कशाला. तसंच ऱ्हाऊ दे."

काकांचे डोळे चमकले. त्याच आठवड्यात त्यांनी पत्रक लिहिलं. इथला घोडा वरातीला जात नाही. डीजेपुढे उभा केला जात नाही. चाबूक या आवारात येत नाही. मी त्यातलं एक विशेषण काढलं, ते त्यांनी मान्य केलं, आणि मी दिवसभर हवेत होते. बाबांनी ते पिवळ्या कागदावर छापलं. बागेबाहेर, शाळांबाहेर मी स्वतः वाटलं. माणसं थांबून वाचायची. एक बाई म्हणाल्या, "अशी माणसं आहेत अजून." फाटकावरच्या पाटीवरही त्याच ओळी आल्या. त्या वाचून लोक मुलं पाठवायला लागले, कुत्री ठेवायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात मामानं काजळीला नातेपुत्याकडच्या एका ओळखीच्याच्या घोड्याकडं नेऊन आणलं. ती गाभण राहिली. धाकट्या मामाची घोडी आता थकली होती, पोटरीवर सूज धरायची. काजळीचं शिंगरू मोठं झालं की ते मेंढरांमागं जाणार, असं ठरलं. माझ्या आईच्या घरची चालणारी एक पिढी संपत असताना तिच्या पुढं एक जनावर तरी चालत राहील. मामा हे असं बोलून दाखवत नसे. तो नुसता म्हणायचा, "आषाढात येतंय की." पण सुट्टीच्या दिवशी तो जाऊन काजळीच्या पोटाला कान लावून बसायचा. एकदा आतून लाथ बसली तर कान चोळत हसला, "अगा बाबौ! हे तर चालाय लागलं आत्ताच."

होळी झाली तशी त्यानं काकांना सांगितलं, आता पोरं बसवू नका. काकांनी सगळ्यांसमोर टाळी वाजवून जाहीर केलं, "आजपासून काजळीताई बाळंतपणाच्या रजेवर! पगारी रजा!" मुलं हसली. आम्हीही हसलो. एकानं तिच्यासाठी गाजरं आणली.

त्या चैत्रात ती पुरती पांढरी झाली. कानांच्या टोकांवरची शेवटची राख गेली. पाठ धुतली की उन्हात डोळ्यांवर यायची. काका फाटकात उभे राहून तिच्याकडं बघत राहायचे. मला वाटायचं, माया.

कधी मी जायचे तर ती जागेवर नसायची. "कुरणात सोडलीय," काका म्हणायचे, "तिला मोकळं चालायला हवं ना." खरंच हवं असतं, मामानंही सांगितलं होतं. एका सुट्टीला मामाला तिच्या कपाळावर हळदीचा पिवळा डाग दिसला. काका म्हणाले, "मुलांनी पूजा केली हो, गाभण आहे म्हणून." मामा किती खूश झाला! घरी येऊन आईला म्हणाला, "शहरातली पोरं म्हंतात, पर लई चांगल्या वळणाची हायत." आईनं त्याला साखर घालून दूध दिलं.

हे सगळं मी आज उलटं वाचते. तेव्हा प्रत्येक गोष्ट सरळ होती.

वैशाखात माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न वैरागला होतं. मुहूर्त दुपारचा. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्या म्हणजे देव कमी आणि मित्रांचा नाच जास्त. बाजारपेठेतल्या रस्त्यावर ट्रॅक्टरवर डीजे, दोन्ही बाजूंना शटरं थरथरताहेत, डांबर चपलेला चिकटतंय. मी सरबताचा ग्लास धरून सावलीला उभी होते. घोडी पांढरी होती. जमिनीपर्यंत आरशांची झूल, पायांत घुंगरांचे चाळ, डोळ्यांवर मण्यांच्या लोंब्या. पुढं एक बाज टाकली होती. घोडीवाला चाबूक वाजवून तिचे पुढचे पाय त्या बाजेवर चढवत होता आणि पोरं शिट्ट्या मारत होती. मी ओळखलं नाही. पांढऱ्या घोड्या सजवल्या की सगळ्या सारख्याच दिसतात, त्यासाठीच सजवतात बहुधा.

मग नवरदेवाचा एक मित्र मागून तिच्यावर चढायला गेला. नवरदेव कलंडला, एक पाय रिकिबीतून सुटला, तो झुलीला धरून तिरका लोंबायला लागला.

आणि घोडी थांबली.

डीजे चालू होता. चाबूक एकदा बसला, दोनदा बसला. तिच्या कातडीवरून लाट गेली पण खूर हलला नाही. ती चारही पाय रोवून, मान किंचित खाली घालून, पाठ सपाट धरून उभी होती. ती वाट बघत होती. कुणी तरी येईल, ओझं नीट बांधील, मग चालू.

"काजळे!" मी ओरडले. एवढ्या आवाजातही तिचा एक कान वळला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी लगाम धरला होता. घोडीवाला म्हणत होता, "ओ ताई, सोडा की, हट्टाला पेटलीय ती." मी म्हटलं, ती गाभण आहे. तिनं ओझं वाकडं झालं म्हणून पाय रोवलेत. पोरांत हशा पिकला. "ताईला बसायचंय वाटतं, नवरदेव उतर बाबा खाली!" दुसरा म्हणाला, "गाभण न्हाय ओ, बुंदी खाल्ली असंल लग्नाची." मी झूल वर केली. पोटाचा तो घेर, त्यावर करकचून आवळलेला पट्टा, पट्ट्याखाली ओला फेस. जवळची पोरं मागं सरली. नवरदेव, त्याची काही चूक नव्हती, मुकाट खाली उतरला. त्याचा चुलता घड्याळ दाखवत माझ्यावर खेकसत होता. घोडीवाला मात्र चिडला नाही, तो गोंधळला होता. "मला काय म्हाईत, ताई? सोलापूरच्या सरांनी दिलीया. ते तुळजापूर रस्त्याचं, चष्मेवालं. ह्या सीझनला दर तिथीला निघती ही. रोजचंच हाय की."

रोजचंच.

काजळी टेम्पोतून परत गेली, मी तिच्याजवळ उभी होते. संध्याकाळी काका वऱ्हांड्यात चहा पीत होते. मला तिच्याबरोबर उतरताना बघून त्यांनी कप खाली ठेवला, आणि मग पुन्हा उचलला. हे त्यांचं पुन्हा उचलणं मी विसरू शकत नाही.

"बस," ते म्हणाले. "अगं, लग्नसराईत या सगळ्या तोंडांना जगवायचं असतं. तुला वाटतं कुत्र्यांच्या अंघोळींवर हे चालतं? आणि ती नाचली कुठं, नुसती चालली."

"पाटीवर काय लिहिलंय, काका?"

दोन बोटं हवेत वर गेली. "पत्रक ही दिशा असते गं. आपण कुठं जाऊ इच्छितो ते सांगायचं. ते असं शब्दशः धरायचं नसतं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बिरूला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

माझा हात अजून काजळीच्या घामानं ओला होता. माझ्यासमोर तो माणूस बसला होता ज्यानं मला वाक्य कसं धरायचं ते शिकवलं. मी मामाला फोन लावला, तिथंच, त्यांच्यादेखत.

मामा आला. भांडला नाही. तिच्या पोटाला कान लावून बसला. मी शेजारी बसले. कितीतरी वेळानं त्यानं कान काढला आणि दुसऱ्या बाजूनं लावला. पुढच्या काही दिवसांत, आषाढ यायच्या कितीतरी आधी, एका सकाळी, ऊन वर यायच्या आत, शिंगरू आलं. काळं होतं, तव्याच्या बुडासारखं. ते हललं नाही. काजळी त्याला चाटत राहिली, थांबून वाट बघायची, पुन्हा चाटायची. मामानं ते स्वतःच्या पटक्यात गुंडाळलं. "पांढरी झाली तवाच मी उचलून न्यायला पायजे हुती," एवढंच म्हणाला. काका आतल्या खोलीत कुणाच्या तरी कुत्र्याची नखं कापत होते. दार लोटलेलं होतं.

दोन दिवसांनी मामा तिला घेऊन सांगोल्याच्या वाटेनं चालत निघाला, त्या गुडघ्यांनी. ती रिकाम्या पाठीनं त्याच्यामागं. काजळी आता धाकट्याकडं आहे, चरते. पुन्हा गाभण राहिली नाही. धाकट्याची म्हातारी घोडी पुढच्या थंडीत गेली. आता त्यांचं बिऱ्हाड भाड्याच्या छोट्या टेम्पोतून पुढं जातं आणि माणसं मागून.

मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मामा तिला घेऊन गेला त्याच रात्री पत्रक लिहून काढलं. एक ओळ खोटी नाही, एक विशेषण नाही. बाबांच्या पुढं ठेवलं. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. एक काना दुरुस्त केला. मग कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

"हे मी छापणार नाही."

"खोटं आहे?"

"खरं आहे. पण तो आपल्यातला माणूस आहे. आपल्याच माणसावर पत्रक काढलं तर हसायला सगळं शहर टपलंय."

सगळं आयुष्य ज्या बाबांनी मालकांची नावं ठळक टाइपात छापली, त्यांना त्या दिवशी एक मित्र दिसला आणि कागद दिसला नाही. काकांनी मला फसवलं ते मी सांगू शकते, त्याला शब्द आहेत. बाबांनी जे केलं त्याला मला अजून शब्द सापडत नाही. आम्ही एकाच घरात राहतो. ते सकाळी माझा चहा झाकून ठेवतात. मी पिते. काकांची पाटी अजून फाटकावर आहे, रंग नवा दिलाय.

या सगळ्यात मी नवरदेवांना शिव्या देणं सोडून दिलं आहे. तो वैरागचा मुलगा निमूट उतरला होता. पुढं काय झालं ते मैत्रिणीनं सांगितलं: मी टेम्पोत चढले तेव्हा सगळे पाच मिनिटं अवघडून उभे राहिले, मग कुणीतरी हलगी घेतली आणि तो मारुतीपर्यंत चालत गेला. मुहूर्त चुकला नाही. लग्न मोडलं नाही. त्यांना एक मुलगी झाली आहे, सुखात आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. पाट्या आणि पत्रकं वाचून घोडी ठरवू नका. मी वाचलेल्या आणि वाटलेल्या पत्रकाचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. तुमच्या ओळखीत या सराईत एक तरी लग्न आहे. आज त्या घरी जा. मुलाच्या बापाशी बोला, तो ऐकत नसेल तर मुलाशी बोला. घोडी सांगितली असेल तर नको म्हणायला लावा. आणि परण्याच्या दिवशी नवरदेवाच्या शेजारी उभे राहा, त्याचा हात धरा, आणि त्याला चालत मारुतीला घेऊन जा.